वर्गाच्या खिडक्या

(आपल्या १९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली, तेव्हा काहीतरी आधुनिक विषयावर बोल. एआय वगैरे." मी हो म्हटलं. पण गेल्या आठवड्यात आपल्या जुन्या वर्गात जाऊन बसले आणि विषय बदलला. आज मी खिडक्यांवर बोलणार आहे. मागच्या बाकावरच्यांना आत्ताच हसू आलं, ते मला दिसतंय. तीस वर्षांत तुमच्यात काही बदल नाही.

आठवतं का, आपल्या विज्ञानाच्या बाई वर्गात आल्या की हजेरीच्या आधी एकच वाक्य म्हणायच्या, "खिडक्या उघडा आधी." पावसाळ्यात खिडकीजवळच्या मुली कुरकुर करायच्या, वह्या भिजायच्या. बाई म्हणायच्या, "वही वाळते." आपल्याला वाटायचं, बाईंना उकडतं. बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, मला त्या वाक्याचा अर्थ कळायला बावीस वर्षं लागली. उशिराच कळला, आणि तोही महागात.

सुरुवात आपल्या मरोळपासूनच करते. माझं पहिलं ऑफिस सीप्झमध्ये होतं. १९७३ साली सुरू झालेल्या या निर्यात क्षेत्रात आज काचेच्या इमारती, हिऱ्यांचे कारखाने आणि आमच्यासारख्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. त्यांच्या मधोमध झाडीत एका चर्चचे भग्न अवशेष आहेत. छप्पर नाही, पण कमानी उभ्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिकडे फिरायला जायचो आणि मी सगळ्यांना सांगायचे की हे पोर्तुगीजांचं. त्यापुढे मला काही माहीत नव्हतं.

ते चर्च १५७९ सालचं. १८४० च्या सुमारास तिथल्या वस्तीत साथ आली आणि लोकांनी ती जागा सोडली. ते शेजारी मरोळला आले आणि त्यांच्याबरोबर चर्चही इथे आलं. आज मरोळमध्ये सेंट जॉन चर्च आहे ते त्या स्थलांतरातून झालेलं. म्हणजे गावठाणातल्या आपल्या कितीतरी वर्गमित्रांचे पूर्वज साथीमुळे घर बदललेली माणसं आहेत. तेव्हा जंतू कुणाला ठाऊक नव्हते. साथ आली की उपाय एकच, जागा सोडायची. जागा भरपूर होती, म्हणून ते जमलं.

त्यानंतर छप्पन्न वर्षांनी मुंबईत प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मेट्रो सिनेमाच्या समोर ज्यांचा पुतळा आहे, तेच हे. लाखो लोक शहर सोडून गेले. पण शहर तर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मग सरकारने उलटा विचार केला. माणसं हलवता येत नाहीत, तर घरं बदलायची. १८९८ साली त्यासाठी 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला.

समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते कापले. दादर, माटुंगा, वडाळा इथे शेतांच्या जागी आखीव वसाहती बसवल्या. हिंदू कॉलनीतून किंवा फाइव्ह गार्डन्सवरून चालताना आपल्याला आजही बरं वाटतं, त्याच्या मुळाशी प्लेगची भीती आहे.

याच ट्रस्टने एक नियम वापरला. मला तो फार आवडतो, कारण तो एका ओळीत लिहिता येतो. घराच्या खिडकीवर आकाशातून प्रकाश येण्याचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभा नसावा. भूमितीच्या सरांनी शिकवलेलं आठवत असेल तर त्या कोनाचा टॅन जवळजवळ दोन येतो. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये हवं. समोरची भिंत चाळीस फूट, तर मोकळी जागा वीस फूट. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत अशी की, त्या लोकांनी प्लेगचं कारण चुकीचं धरलं होतं. त्यांना वाटायचं, अंधार, ओल आणि कोंदट हवा यातून प्लेग होतो. निर्जंतुकीकरणासाठी त्यांनी लोकांच्या घरांची कौलंसुद्धा काढली. प्लेग खरं तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. पण चुकीच्या कारणासाठी केलेला उजेडाचा नियम दुसऱ्याच एका रोगासाठी बरोबर ठरला. तो रोग म्हणजे क्षय.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्रस्टने सुरुवातीला जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. पाडलेल्या चाळीतला गिरणी कामगार शेजारच्या चाळीत जाऊन आणखी दाटीने राहू लागला. नकाशावर रस्ता रुंद झाला आणि खोलीतली माणसं वाढली. पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी आल्या, १६० चौरस फुटांची एकेक खोली. रोगाचं कारण इमारतीत शोधलं, ते ठीकच. पण भाडं आणि पगार यांच्याकडे पाहिलं नाही तर रोग फक्त पत्ता बदलतो.

आता माझी गोष्ट.

तुमच्यापैकी पुष्कळ जण आमच्या मरोशी रोडवरच्या चाळीत आलेले आहात. पहाटे पाचला नळ, रांगेतले संडास आणि ओटीवर माझ्या आईची पोळ्यांची परात. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांतली मी नाही. पावसात गटार घरात यायचं. त्यामुळे २००९ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आमची चाळ घेतली गेली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. २६९ चौरस फुटांचं स्वतःचं घर, आत संडास, नळाला पाणी.

कमिटीत सगळे म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस. कागद तू वाच आणि आम्हाला सांग." मी वाचले. लिफ्ट किती, टाइल्स कुठल्या, भाडं किती महिने मिळणार, कॉर्पस किती, सगळं ओळ न् ओळ पाहिलं. नकाशात दोन इमारतींमध्ये एक पट्टी होती, तीवर '३.००' असं लिहिलं होतं. तो आकडा मी पाहिला. त्याचा अर्थ विचारला नाही. इमारत सात मजल्यांची. साडेत्रेसष्ट अंशांच्या हिशेबाने मध्ये दहा मीटर हवे होते, होते तीन. शंभर वर्षांपूर्वीच्या नियमाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हे नियमात बसत होतं, परवानगी होती. आणि मी सांगितलं, "ठीक आहे, सह्या करा." पहिली सही माझी.

आईला दुसरा मजला मिळाला. नव्या घरात दुपारी बारा वाजता ट्यूब लावावी लागायची. खिडकी उघडली की समोरच्यांचं स्वयंपाकघर, खाली कचरा आणि त्याचा वास. मग खिडकी बंद. मग पडदा. आई म्हणायची, "चाळीत दार उघडं असायचं गं. इथं दार उघडलं तर जिना दिसतो."

२०१६ च्या पावसाळ्यात आईचा खोकला थांबेना. वजन उतरलं. थुंकी तपासली, टीबी निघाला. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मग एक प्रश्न विचारला. मला वाटलं, विचारतील घरात कुणाला आहे का. त्यांनी विचारलं, "कितव्या मजल्यावर राहता? खिडकी कुठे उघडते?" मी म्हटलं, दुसरा, समोर भिंत आहे. त्यांनी मान हलवली आणि लिहीत राहिल्या.

आई सहा महिन्यांत बरी झाली. आज ती इथे मागे बसली आहे आणि मी हे सांगते आहे याबद्दल घरी गेल्यावर मला बोलणार आहे. पण आमच्या खालच्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा इतका नशीबवान नव्हता. त्याचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देईना. त्याची दोन वर्षं गेली, आणि एका कानाने त्याला आता कमी ऐकू येतं. आईला टीबी कुठून आला, त्याला कुठून आला, हे कुणीच सांगू शकत नाही. टीबीचा जंतू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहतो. पण ती '३.००' ची पट्टी मला रात्री दिसते.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेची एक पाहणी वाचनात आली. मानखुर्द-गोवंडी भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींची ती पाहणी होती. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती अगदी चिकटून, आणि पीएमजी कॉलनीत त्या मानाने मोकळ्या. पहिल्या दोन ठिकाणी साधारण दहा घरांमागे एका घरात टीबी सापडला, पीएमजीमध्ये शंभरात एका घरात. माणसं सगळीकडे आपल्यासारखीच, झोपडीतून उठून इमारतीत आलेली. मोठा फरक होता तो हवा आणि उजेड यांचा. वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ काही केलं नाही.

आता थोडं शास्त्र, पाच मिनिटं. टीबीचा रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिशय बारीक कण हवेत जातात. ते खाली बसत नाहीत, अगरबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. धूर बंद खोलीत साठतो आणि खिडकी उघडली की विरतो, तसंच हे. अमेरिकेत विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी १९५० च्या दशकात बाल्टिमोरच्या रुग्णालयात हे सिद्ध केलं. टीबीच्या वॉर्डातली हवा नळीने वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांकडे नेली. रुग्ण आणि प्राणी यांची गाठ कधीच पडली नाही, तरी प्राण्यांना टीबी झाला. फक्त हवेतून.

पुढे २००७ साली पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या उघडल्या की तासाला सुमारे चाळीस वेळा हवा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत बारा वेळा. जुन्या बांधकामाने नव्या यंत्राला हरवलं, आणि तेही विजेच्या बिलाशिवाय. लिमा आणि आपली शाळा यांत हजारो मैलांचं अंतर, पण कौलारू छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि वर झरोके ही आपल्या शाळेचीच रचना की नाही?

माझा व्यवसाय यातलाच, म्हणून मला जास्त लाज वाटते. मी मोठ्या ऑफिसांच्या एसी यंत्रणा चालवणारं सॉफ्टवेअर लिहिते. बाहेरची ताजी हवा आत घ्यायची तर ती थंड करायला वीज लागते. म्हणून आमचा प्रोग्राम ताजी हवा गरजेपुरतीच घ्यायचा आणि आतलीच हवा फिरवत राहायचा. वीज वाचली की ग्राहक खूश. २०२० च्या उन्हाळ्यात तेच ग्राहक फोन करून सांगू लागले, झडप पूर्ण उघडा, कितीही बिल येऊ दे. आम्ही प्रोग्राममधला एक आकडा बदलला. वीस वर्षांत मी केलेलं बहुधा सगळ्यांत उपयोगी काम, आणि ते एका ओळीचं होतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत तीन वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना कोविड होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, बाहेर १६ टक्के. एकच शहर, एकच विषाणू. घर किती दाट आणि संडास किती जणांत, यावर बरंच ठरलं. हवेशिवायही इमारत रोग अडवते किंवा वाढवते. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट नसेल तर मलेरिया आणि डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. पालिकेची माणसं टाकीला शिडी आहे का हे पाहतात, ते उगाच नाही. वर चढता आलं नाही तर झाकण कोण बघणार?

आता ज्यासाठी विषय बदलला त्याकडे येते.

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी आपल्या दहावीच्या वर्गात गेले. बरोबर एक लहान यंत्र होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे चाळीस हजार. त्यामुळे खोलीतला आकडा वाढला की समजायचं, आपण एकमेकांचे श्वास घेतो आहोत.

वर्गात पंचावन्न मुलं होती. रस्त्यावरच्या बांधकामाची धूळ आणि गाड्यांचा आवाज यामुळे रस्त्याकडच्या खिडक्या बंद. कबुतरं येतात म्हणून वरच्या झरोक्यांना प्लायवूड ठोकलेलं. मैदानाकडच्या खिडक्यांपुढे कपाटं. यात शिक्षकांचा दोष नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. चाळीस मिनिटांनी आकडा १,९०० झाला. हिशेब केला तर त्या मुलांचा साधारण दर पंचवीस श्वासांतला एक दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आलेला. मग आम्ही दोन कपाटं सरकवली आणि मैदानाकडच्या खिडक्या उघडल्या. दहा मिनिटांत आकडा ७०० वर आला. आता सव्वाशेहून जास्त श्वासांमागे एक. एक रुपया खर्च झाला नाही. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मशीनने हवा साफ केली का?" मी म्हटलं, "नाही गं, तू खिडकी उघडलीस म्हणून."

आपल्या ग्रुपवर ठरलं आहे की जमलेल्या निधीतून दोन वर्ग वातानुकूलित करायचे आणि त्यात डिजिटल फळे बसवायचे. फळे जरूर बसवूया, ते काम मी स्वतः करीन. पण भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा थंड करून परत देतो, आणि एसी लावला की शेवटची खिडकीही बंद होते. माझी विनंती अशी आहे. आधी सगळ्या वर्गांचे झरोके उघडूया आणि त्यांना कबुतरांसाठी जाळी लावूया. मैदानाकडची कपाटं हलवूया. रस्त्याकडच्या बाजूला धूळ आहे, हे खरं आहे. तिथे हवा बाहेर फेकणारे पंखे बसवूया, म्हणजे मैदानाकडची हवा वर्गातून वाहत जाईल. मी दोन ठिकाणांहून दर आणले आहेत. एका एसी वर्गाच्या खर्चात सगळ्या वर्गांचं हे काम होतं. उरलेल्या पैशांतून फळे.

आणि दुसरी विनंती तुमच्या घरांसाठी. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. बिल्डर जास्तीचं कार्पेट सांगेल, पार्किंग सांगेल, मार्बल सांगेल. सही करण्याआधी नकाशा मागा आणि तीन प्रश्न विचारा. माझ्या खिडकीपासून समोरची भिंत किती लांब आणि किती उंच? स्वयंपाकघर आणि संडासाची खिडकी उघड्यावर आहे की डक्टमध्ये? घरात एका बाजूने आलेली हवा दुसरीकडून बाहेर जाईल का? पन्नास फूट जास्त मिळवण्यासाठी दहा फूट उजेड देऊ नका. जास्त मिळालेल्या जागेत सोफा येतो. गेलेला उजेड परत येत नाही, कारण समोर आता कुणाचं तरी घर असतं.

नकाशा वाचता येत नसेल तर मला पाठवा. माझा नंबर ग्रुपवर आहेच. यावेळी सगळे आकडे पाहीन, आणि अर्थही विचारीन.

बाई, तुम्ही आम्हाला टीबीचा धडा शिकवला होता. परीक्षेत मला त्यात पाचपैकी पाच होते. उत्तर पाठ होतं, "हवेशीर व सूर्यप्रकाश असलेल्या घरात राहावे." ते मी लिहिलं, गुण घेतले आणि विसरले. माझ्या आईच्या घराचा नकाशा पुढ्यात होता तेव्हा मला ते आठवलं नाही. तुमच्या वर्गात आज पंचावन्न मुलं आहेत. निदान त्यांच्या खिडक्या तरी आपण उघड्या ठेवूया.

निधीचा निर्णय जेवणाआधी घ्यायचा आहे. हात वर करायची सवय अजून मोडली नसेल अशी आशा आहे.